आत्यांचा अर्धा सिनेमा

आत्या,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजातच होतो. शेजारच्या टेबलावरच्या सरांनी विचारलं, ‘कोण गेलं?’ मी म्हणालो, ‘माझी आत्या. मला सिनेमाचं वेड लावणारी.’ सर अगदी कळवळून म्हणाले, ‘त्याच का, खुनी बदलणाऱ्या?’

सरांचा काही दोष नाही. तुमची ओळख त्यांना मीच तशी करून दिली होती, चहा पिता पिता, चांगली तिखटमीठ लावून. त्या घटकेला जी लाज वाटली ती अजून उतरलेली नाही. पुण्याहून आपल्या गावी, ईटला, येईपर्यंत मी गाडीत रडलो, पण खरं सांगतो, त्या रडण्यात दुःख कमी आणि लाजच जास्त होती. तुमच्या कष्टांबद्दल, उपासतापासांबद्दल बोलणारे गावात पुष्कळ आहेत. मला फक्त त्या सिनेमाबद्दल बोलायचं आहे, कारण तिथंच मी तुमचा अपराधी आहे.

तुमचे यजमान, आमचे मामा, गेल्यावर तुम्ही माहेरी आलात आणि आप्पांच्या रानात बायकांची पात तुम्हीच चालवायला लागलात. आप्पा, माझे वडील, तुमचे धाकटे भाऊ, पण रानात शब्द तुमचा. गावची लेक म्हणून लहानथोर सगळे तुम्हाला आत्याच म्हणायचे. भुईमुगाच्या खुरपणीला बायका ओळीनं बसायच्या, एकेकीची एकेक पात, आणि तुम्ही मधोमध. खुरपी चालू झाली की तुमचा सिनेमा चालू व्हायचा. जी मागं राहील तिला पुढचं ऐकू येणार नाही, म्हणून कुणी मागं राहायचं नाही. बांध आला की तुम्ही थांबायच्या. ‘आता फुडचं वळल्यावर.’ मग बायका पाणी प्यायलासुद्धा न थांबता दुसरी पात धरायच्या. आप्पा म्हणायचे, ‘आक्काचा शिनेमा हाय म्हनून माजं रान येळंवर निघतंय.’

मी शाळा बुडवून बांधावर बसून तो सिनेमा ऐकला. एकदा नव्हे, दरवर्षी. तळ्याकाठी पांढरा बंगला. त्यात एक श्रीमंताची पोर, आईबाप नसलेली, सोबतीला म्हातारे दिवाणजी. तिला गाणं शिकवायला एक मास्तर येतो, आणि एके सकाळी तो मास्तर जिन्याखाली मरून पडलेला सापडतो. शेजारी काकणाचा तुकडा. समोरच्या घरात राहतो एक देखणा तरुण. तो त्या पोरीच्या पायी वेडा झालेला. तिची खिडकी दिसावी म्हणून त्यानं ते घर भाड्यानं घेतलेलं. ती देवळात गेली की हा मागं, तळ्यावर गेली की हा झाडाआड. तिचं काकण फुटलं की तुकडे वेचून पत्र्याच्या डबीत जपून ठेवणार.

तुमच्या सिनेमात खून त्यानंच केलेला असायचा. पोर मास्तराशी हसून बोलली, ते ह्याला सोसलं नाही. मास्तराच्या शेजारचा तुकडा तिच्या हातातल्या काकणाचा नव्हताच, तो ह्याच्या डबीतून पडलेला. हे तिच्या बरोबर ध्यानात येतं, कारण त्या नक्षीची काकणं तिनं कधीच टाकून दिलेली असतात. मग ती त्याला गोड बोलून तळघरात नेते, बाहेरून कुलूप घालते, आणि... इथं तुम्ही खुरपं वर धरून थांबायच्या. सगळी पात एका सुरात ओरडायची, ‘चावी कमरंला खोवली!’ त्या आवाजानं पलीकडच्या रानातल्या बगळ्यांचा थवा उडालेला मी पाहिला आहे. आणि मग ती पोर एकटी चालत पोलीस ठाण्यात जायची. तिच्या अंगावर डाळिंबी साडी असायची.

पुढं मी शिकलो, पुण्यात कॉलेजात लागलो, सिनेमावर बोलायला लागलो. वर्गात मी सिनेमा मध्येच थांबवतो आणि मुलांना विचारतो, ‘आता काय होईल?’ मुलं नुसती तळमळतात. ही युक्ती एका परदेशी अभ्यासकाची आहे असं मी इतकी वर्षं सांगत आलो. ती तुमची होती, बांधावरची. हे सांगायला मला लाज वाटत होती, आणि आता ती वाटत होती याची लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात मला तो सिनेमा इंटरनेटवर सापडला. तोच बंगला, तेच तळं, तीच डबी. मी एकट्यानं बसून पाहिला. पहिला धक्का म्हणजे सिनेमा काळापांढरा होता. तुमची डाळिंबी साडी तुमच्याच डोळ्यांतली. दुसरा धक्का शेवटी बसला. खून दिवाणजींनी केला होता, इस्टेटीसाठी. तो तरुण निर्दोष. दिवाणजींची गोळी तो स्वतःच्या खांद्यावर झेलतो, ती पोर त्याची सेवा करते, आणि शेवटी दोघं होडीत बसून गाणं म्हणतात.

मी मोठ्यानं हसलो. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सगळ्यांना सांगितलं. आणि मग डोक्यात किडा वळवळला की नागपंचमीला गावी जाऊन तुम्हाला हा सिनेमा दाखवायचा. घरात सांगितलं, ‘आत्यांसाठी भेट आहे.’ खोटं. मला शेवट ठाऊक होता, आणि तो पाहताना तुमचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं.

पंचमीला मातीला खुरपं लावत नाहीत, म्हणून तो दिवस मी मुद्दाम धरला. पात सगळी मोकळी, लेकी माहेरी आलेल्या. पुरणाची दिंडं खाऊन झाल्यावर दुपारी मी बैठकीच्या खिडक्यांना वाकळा लावून अंधार केला, भिंतीवर आप्पांचं जुनं धोतर ताणलं आणि कॉलेजातून मागून आणलेला प्रोजेक्टर लावला. तुमच्यासाठी पुढं खुर्ची मांडली होती. तुम्ही नवं लुगडं नेसून आलात, खुर्चीकडं बघितलंसुद्धा नाही, आणि बायकांत मधोमध खाली बसलात, पातीत बसता तशा. खुर्चीवर मग मीच बसलो.

काय तुमचा तोरा होता तेव्हा! ‘आता मास्तर यील बगा.’ मास्तर यायचा. ‘आता डबी काढंल.’ डबी निघायची. भागीरथीकाकू कौतुकानं म्हणाल्या, ‘आत्या, तुमाला तर समदं पाठ हाय वो!’ तुम्ही मान हलवलीत. मध्यांतरानंतर तुम्ही एकदम गप्प झालात. बाकी कुणाच्या ते लक्षात आलं नसेल. माझ्या आलं होतं. मी धोतराकडं कमी आणि तुमच्याकडंच जास्त बघत होतो.

दिवाणजींनी गुन्हा कबूल केला तेव्हा कुणीतरी म्हणालं, ‘आँ? मंग त्यो?’ मग होडी, मग गाणं. मी वाकळ बाजूला सारून उजेड केला आणि घोकून ठेवलेलं वाक्य टाकलं. ‘आत्या, इतकी वर्षं तुम्ही एका निर्दोष माणसाला तळघरात कोंडून ठेवलंत की!’

आधी एकदोघी फिसकन हसल्या, मग बैठक हसायला लागली. ‘आत्या, सोडा आता बिचाऱ्याला.’ ‘आन ती डाळिंबी साडी कुठं गेली वो?’ तुमचा हात कमरेच्या किल्ल्यांकडं गेला आणि तिथंच राहिला. मग पदर तोंडाला लावून तुम्हीही हसलात. ‘व्हय की गं. म्या अडानीच.’

तुम्ही स्वतःला अडाणी म्हटल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या गडबडीत होतो आणि तुम्ही ते धोतर उतरवून घडी घालत होता.

‘इलास, एक बोलू का?’

‘बोला की.’

‘म्या मधापस्तोरच बघितलाता त्यो.’

मामांनी तुम्हाला बार्शीला बाजाराला नेलं होतं, नवं लग्न होतं, तूर विकून हातात पैसे खेळत होते, म्हणून दुपारचा सिनेमा. पण गावच्या गाड्या दिवस मावळायच्या आत निघायच्या. सोबत चुकायला नको म्हणून मामांनी मध्यांतरालाच तुम्हाला उठवलं.

‘गाडीत बसून घरापस्तोर म्या इचारच करत हुते, कुनी केलं आसंल. ह्ये म्हनले, कुनी का करंना, तुला काय करायचंय? पर मला त्या पोरीचा घोर लागलाता.’

‘आणि तुम्ही ठरवून टाकलं की तोच.’

‘मंग दुसरं कोन? तिच्या खिडकीफुडं घर घेतंय. तिची काकनं येचून न्हेतंय. तिला कुनी इचारलं का, की बाई, तुला ह्ये आवडतंय का?’

तुम्ही मला खरंच विचारत होता. आणि मी तुम्हाला व्याख्यान दिलं. त्या काळच्या सिनेमात प्रेम असंच दाखवत, ते एक वेड असतं, त्या वेडातच त्याचं सौंदर्य असतं, वगैरे. तुम्ही ऐकून घेतलंत.

‘व्हय का? मंग ती भिती का त्याला?’

‘कुठं भिते?’

‘डोळं बघ की तिचं.’

मी घड्याळ बघितलं. म्हणालो, ‘आत्या, तुम्ही पोलिसात असता तर बिचारा फासावर गेला असता.’ तुम्ही धोतराची घडी माझ्या हातात दिलीत. ‘मंग शिनेमावाल्याचंच चुकलं आसंल,’ म्हणालात. मला वाटलं, तुम्ही गंमत करताय. आपलं शेवटचं बोलणं ते. त्या वादाचा निकाल लागायचा राहिला आणि मी जिंकल्यासारखा गाडीत जाऊन बसलो.

सोयाबीन निघायच्या दिवसांत फोनवर वहिनी म्हणाली, ‘आत्या आता पातीत काय सांगत न्हाईत. पोरी मोबाइलवर गाणी लावतेत.’ मी म्हणालो, ‘वय झालं.’ एवढंच म्हणालो, आत्या. फोन तुमच्याकडं दे असंसुद्धा म्हणालो नाही.

तुमच्या मागं नवव्या दिवशी दुपारी सोप्यात बायका लसूण सोलत बसल्या होत्या. सुनंदा मला म्हणाली, ‘दादा, हिकडं या जरा.’ ती गावातच दिलेली, लहानपणापासून तुमच्या पातीतली, तुम्हाला ठाऊकच आहे. जे तिनं मला सांगितलं तेही तुम्हाला ठाऊक आहे. मलाच तेवढं नव्हतं.

‘म्या धाव्वीला भूमच्या साळंत जायाचे. एक जन रोज यष्टीपाशी हुबा ऱ्हायचा. हातावर ब्लेडनं माजं नाव काढलंतं. पोरी म्हनायच्या, नशीब लागतं आसं पिरेम मिळाया. मला बी तसंच वाटाया लागलंतं, खोटं कशाला बोलू. मंग एक दिवशी त्यानं पाकिटातनं माज्या केसाची पिन काढून दावली. कवा घेतलीती, मला पत्त्याच न्हाई. मला आत्याची डबी आठवली, दादा. सर्रकन काटा आला अंगावर. गावात उतरले ती सरळ आत्याकडं आले.’

तुम्ही हातातलं खुरपं खाली न ठेवता तशाच भूमची गाडी धरलीत म्हणे, आणि त्या पोराच्या आईजवळ जाऊन बसलात. काय बोललात ते सुनंदालाही माहीत नाही. तो पुन्हा दिसला नाही.

‘आन पंचमीला समद्यांत मोठ्यानं म्याच हसले,’ सुनंदा म्हणाली, आणि लसणाची पाटी बाजूला सारून रडायला लागली.

मी उठून गोठ्यामागं गेलो. मोबाइलवर तो सिनेमा काढला, आवाज बंद केला आणि सुरुवातीपासून फक्त त्या पोरीचे डोळे बघत बसलो. आत्या, ती भिते. तो खिडकीखाली उभा असतो तेव्हा ती पडदा ओढते आणि तिचा हात थरथरतो. मी त्याला लाजणं समजलो होतो. तो तळ्यावर समोर येतो तेव्हा ती आधी आजूबाजूला कुणी आहे का ते बघते. आणि शेवटी होडीत, गाणं संपताना, त्यानं तिला जवळ घेतलेलं आहे, पण तिचं तोंड आपल्याला दिसतच नाही. दिसते ती तिची पाठ. मुलांना सिनेमा बघायला शिकवणारा मी, पण या सिनेमात मी एकदाही तिच्याकडं बघितलं नव्हतं. तुम्ही अर्ध्यातच बघितलं होतं. तुमचा घोर खरा होता.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. लिंबावर बसले होते चांगले पाचसहा, पण खाली उतरेनात. वहिनीनं सांगितलं, तुमची गाय विकणार नाही. भावानं सांगितलं, तुळजापूरला जाऊन देवीची ओटी भरू. कावळे हलले नाहीत. बायका बाजूला बसल्या होत्या, त्यांतून सुनंदा म्हणाली, ‘दादा, तुमचं हाय एक ऱ्हायलेलं. म्हना की.’

सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. सरपंच होते, भावाचे सासरे होते, बार्शीचे व्याही होते. सिनेमातला खून कुणी केला हे मी नदीकाठी उभं राहून मोठ्यानं बोलायचं? मी हात जोडले आणि मनातल्या मनात पुटपुटलो. बैठकीत सगळ्यांसमोर हसलो होतो, आणि माफी मात्र कुणाला ऐकू जाणार नाही अशी मागत होतो. कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. लोक म्हणाले, आत्याचा जीव कशात अडकला काय की. सुनंदा माझ्याकडं बघत होती.

तेराव्याला जेवणं उठली. पातीतल्या बायका सोप्यात टेकल्या होत्या. सुनंदाची लेक आरती आता बार्शीला कॉलेजला जाते. ती एकदम मला म्हणाली, ‘मामा, पंचमीला मी नव्हते. खरं सांगा, त्या सिनेमात खून कुणी केला?’

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, ‘त्यानंच.’

‘पण आई तर म्हणते, दिवाणजींनी. तुमीच दाखवलं म्हणे.’

‘ते सिनेमावाल्यांचं चुकलं. आत्यांनी बरोबर ओळखलं होतं.’

कोपऱ्यातून भागीरथीकाकू म्हणाल्या, ‘म्होरं?’

मग मी सांगायला लागलो. तुमच्यासारखं जमत नव्हतं, पण सांगत गेलो. डबी सांगितली, तुकडा सांगितला, तिनं आजूबाजूला कसं बघितलं आणि पडदा ओढताना तिचा हात कसा थरथरला तेही सांगितलं, जे तुमच्या सिनेमात नव्हतं. साडी डाळिंबीच ठेवली. ती त्याला गोड बोलून तळघरात नेते, बाहेरून कुलूप घालते, आणि... मी थांबलो.

एकही आवाज आला नाही. बायका खाली बघत होत्या. तेवढ्यात सुनंदा म्हणाली, ‘आता का थांबलाव, दादा? थांबाया पायजे हुतं ते पंचमीला.’

तिनं माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. पदरानं नाक पुसलं आणि हळू आवाजात तीच म्हणाली, ‘चावी कमरंला खोवली.’ मग भागीरथीकाकू म्हणाल्या. मग आरती, मग सगळ्या, एकीमागून एक.

मी म्हणालो नाही, आत्या. ओठांवर आलं होतं. पण ते खाली बसलेल्या बायकांनी म्हणायचं असतं, आणि मी त्या दिवशी खुर्चीवर बसलो होतो.